केशरी-काळी ड्युसेनबर्ग आणि इंदूरचे यशवंतराव होळकर

दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, इशारा मिळताच सोडायच्या आणि पाव मैलाच्या, म्हणजे १,३२० फुटांच्या अखेरीस पुढे कोण ते पाहायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत, मधल्या वाटेत काही सुधारून घेण्याची संधी नाही. बलदंड इंजिनांच्या जुन्या अमेरिकी मोटारी आज जिथे म्हणून जमतात, तिथे या सरळ शर्यतींच्या आठवणी निघाल्यावाचून राहत नाहीत. या खेळाचा पहिला व्यावसायिक पट्टा १९५० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, विमानतळाच्या एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर सुरू झाला. त्याच सांता आना गावात त्याच्या आधी काही वर्षे एका मराठी राजाचे घर होते, आणि त्या राजाच्या नावावर अमेरिकेत बनलेल्या सर्वांत शक्तिमान मोटारींपैकी एक होती.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, या नावाचे दुसरे, यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. मल्हाररावांनी घोड्याच्या पाठीवर उभे केलेले आणि अहिल्याबाईंनी आपल्या कारभाराने पवित्र केलेले हे घराणे. पहिल्या यशवंतरावांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडले, त्यालाही शंभरावर वर्षे होऊन गेली होती. माळव्यात राहूनही राजवाड्याची भाषा मराठीच होती. पण विसाव्या शतकातील होळकरांच्या हाती उरले होते ते इंग्रज रेसिडेंटच्या नजरेखालचे राज्य. आजोबा शिवाजीराव यांना १९०३ मध्ये गादी सोडावी लागली. वडील तुकोजीराव यांच्यावर तीच वेळ १९२६ मध्ये आली, आणि ती ज्या प्रसंगामुळे आली त्यात मोटार होतीच.

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार हल्लेखोरांच्या मोटारीने गाठली. बावला यांच्यासोबत मुमताज बेगम होती. इंदूरच्या दरबारातून निसटून आलेली नर्तकी. बावला गोळ्यांनी मारले गेले, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले, आणि गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोहोचले नसते तर तिला पळवून नेण्याचा बेतही तडीस गेला असता. आरोपींचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी, असे दोन पर्याय सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. त्यांनी गादी सोडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये साडेसतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले, आणि पूर्ण अधिकार हाती येण्यासाठी त्यांना १९३० पर्यंत थांबावे लागले.

ही चार वर्षे त्यांनी बव्हंशी युरोपात काढली. चार्टरहाऊसची शाळा, मग ऑक्सफर्डमधील क्राइस्ट चर्च. कागलच्या घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचे लग्न १९२४ मध्येच, दोघेही अल्पवयीन असताना झाले होते. उंच, सडपातळ, किंचित अलिप्त भासणारे हे तरुण जोडपे पॅरिसमध्ये मॅन रे या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यासमोर बसले, तेव्हा त्यांच्या अंगावर ना जरीपटका होता ना पैठणी. बर्नार बुते द मोंव्हेल या चित्रकाराने १९२९ मध्ये महाराजांचे चित्र रंगवले ते पाश्चात्त्य रात्रपोशाखात, काळ्या झग्यासह; काही वर्षांनी त्यानेच त्यांना पांढऱ्या मराठा वेषात, गळ्यात पेअरच्या आकाराचे दोन सुप्रसिद्ध हिरे घातलेले असे रंगवले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एकाच माणसाचे हे दोन पोशाख नसून दोन आयुष्ये आहेत असे वाटते.

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची गाठ एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराशी पडली. मुथेसियस तेव्हा पंचविशीचे, महाराज विशी-एकविशीचे. १९३० ते १९३३ या काळात इंदुरात उभा राहिलेला माणिकबाग राजवाडा ही या मैत्रीची फलश्रुती. त्या काळी संस्थानिकांचा वाडा म्हटला की घुमट, झुंबरे आणि पेंढा भरलेले वाघ आलेच. माणिकबागेत यांपैकी काही नव्हते. सरळ रेषांची इमारत, काच आणि धातू, थंड हवेची यंत्रे, जर्मनीतून तयार होऊन आलेले भाग, ल कोर्बुझिए आणि आयलीन ग्रे यांची आसने, रूहलमान यांचे लाकूडकाम, दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे. महाराजांचा रेल्वेचा डबासुद्धा मुथेसियस यांनीच आतून सजवला. ऑंरी-पिएर रोशे या फ्रेंच लेखकाने त्यांना कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या शिल्पकाराच्या कार्यशाळेत नेले, आणि महाराजांनी ब्रांकुशींचे तीन पक्षी घेतले: एक पितळी झळाळीचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. फक्त वर झेपावणारी एक रेषा.

ज्याला तो पक्षी आवडला त्याला ड्युसेनबर्ग आवडणारच होती.

या मोटारीचा इतिहास थोडा सांगायला हवा. फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे बंधू जर्मनीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि सायकलींच्या दुरुस्तीतून मोटारींकडे वळले. फ्रेड स्वतः सायकलशर्यती गाजवत. त्यांच्या मोटारीने १९२१ मध्ये फ्रेंच ग्राँ प्री जिंकली, तेव्हा अमेरिकी गाडीने युरोपातील यंत्रकारांना त्यांच्याच अंगणात हरवले म्हणून मोठी खळबळ उडाली. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. पण शर्यती जिंकणारे बंधू हिशेबात कच्चे होते. १९२६ मध्ये एरेट कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि फ्रेड यांना एकच आज्ञा दिली, ती म्हणजे जगातील सर्वोत्तम मोटार बनवण्याची. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ उभी राहिली: एका ओळीत आठ सिलिंडर, ४२० घनइंच म्हणजे सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, २६५ अश्वशक्ती. नुसत्या सांगाड्याची आणि इंजिनाची किंमत ८,५०० डॉलर. वरचा देह ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. वर्षभरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि जगातील सर्वोत्तम मोटार अगदी चुकीच्या वेळी बाजारात आलेली मोटार ठरली.

तरीही १९३२ मध्ये तिची आणखी जोरकस आवृत्ती निघाली. हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र बसवलेली ही ‘एसजे’, ३२० अश्वशक्तीची. दुसऱ्या गिअरमध्येच ती ताशी शंभर मैल ओलांडते आणि वरच्या गिअरमध्ये १४० मैलांच्या आसपास जाते, असा कारखान्याचा दावा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियातील डोंगररस्त्यावर अशीच एक गाडी स्वतः चालवीत असताना फ्रेड ड्युसेनबर्ग यांना अपघात झाला आणि त्यातच काही आठवड्यांनी त्यांचा अंत झाला. १९३५ मध्ये युटातील मिठाच्या वाळवंटावर अॅब जेन्किन्स या शर्यतपटूने ‘एसजे’वर बेतलेल्या गाडीतून चोवीस तासांत सरासरी १३५.४७ मैल, म्हणजे २१८ किलोमीटरचा वेग राखला. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र.

अशा ‘एसजे’ गाड्या जेमतेम तीन डझन बनल्या. त्यांतील अखेरच्या काहींपैकी एक यशवंतरावांनी मागवली. तिचा सांगाडा सर्वांत लांब घेतला, दोन चाकांच्या आसांमधील अंतर १५३.५ इंच. तो लंडनच्या जे. गर्नी नटिंग या नामांकित देहकाराकडे गेला, आणि तिथले आरेखक मॅकनील यांनी त्या प्रचंड सांगाड्यावर काय चढवावे? जवळजवळ वीस फूट लांबीच्या गाडीत पुढे केवळ दोन जणांची बैठक. बाकी सारे बॉनेट आणि मागे निमुळती होत गेलेली शेपूट. रंग केशरी आणि काळा. छायाचित्रांत ती आजही पाहिली तर आधी हसू येते, इतका तिचा अट्टाहास उघड आहे. मग नजर त्या बॉनेटच्या रेषेवरून मागे सरकू लागते आणि हसू मावळते.

अमेरिकेत ज्या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले त्यांचा आरंभ साधारणतः १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे आणि ताकद ३२५ अश्वशक्तीची. होळकरांच्या ड्युसेनबर्गची ताकद जवळजवळ तेवढीच, तीसेक वर्षे आधी. अर्थात पाव मैलाच्या पट्ट्यावर दोन्ही उभ्या केल्या तर पॉन्टिअॅकच पुढे जाईल, कारण ड्युसेनबर्गचे वजन तिच्यापेक्षा बरेच अधिक. पण मोठ्या इंजिनातून मिळणारा तो सरळ, मागे पाठ दाबणारा वेग ही जी चीज पुढे कॅलिफोर्नियातील गॅरेजमधल्या पोरांनी थोड्या पैशांत साधली, ती १९३५ मध्ये राजालाच परवडणारी होती. राजांना, आणि क्लार्क गेबल व गॅरी कूपर यांच्यासारख्या नटांना.

यशवंतरावांकडे ही एकच गाडी नव्हती. बेंटली, हिस्पानो-सुइझा, अल्फा रोमिओ, लागोंडा अशी नावे त्यांच्या मोटारखान्यात होती. मात्र त्यांच्या संग्रहात आणि इतर संस्थानिकांच्या संग्रहांत एक फरक दिसतो. हैदराबादचे निजाम उस्मान अली खान यांच्याकडे गाड्यांचे तांडे जमले, पण त्यांतील बहुतेक झाकलेल्या अवस्थेतच गंजल्या. त्यांच्यासाठी मोटार ही नजराण्याची वस्तू होती. अन्य काहींनी रोल्सराईसवर सिंहासने चढवली, हंसाच्या आकाराच्या गाड्या केल्या, शिकारीसाठी बंदुकांचे खण ठेवले. यशवंतरावांनी गाडीला गाडीच राहू दिले. यंत्राच्या अंगातली देखणेपणाची रेषा त्यांना दिसत होती, आणि ती दिसण्यासाठी वेगळी नजर लागते.

प्रश्न उरला तो रस्त्याचा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारी वाट पैनगंगा ओलांडून निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरते. सागाची दाट जंगले, काळी कपाशीची जमीन, पावसाळ्यात फुगणारे ओढे. किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले. तिथला रस्ता बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी ठरवलेला, आणि हिंदुस्थानातील बहुतेक रस्ते असेच होते. सरळ रेषेतल्या शर्यतीची हौस मात्र या मुलखाला परकी नव्हती. नदीपलीकडच्या विदर्भात शंकरपट भरे, तो आजही भरतो. धावपट्टी सरळ, बैलजोडी सुटायची आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेवटची खूण ओलांडायची. कॅलिफोर्नियातला पाव मैल आणि वऱ्हाडातला पट यांत खेळ म्हणून फार अंतर नाही. अंतर आहे ते हे की बैलजोडीला लागणारी जमीन गावात होती, आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटर जाऊ शकणाऱ्या गाडीला लागणारा रस्ता साऱ्या देशात नव्हता.

हीच गोष्ट महाराजांच्या इतर बेतांनाही लागू पडते. ब्रांकुशींच्या तीन पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर उभारायचे ठरले होते. आत पाण्याचा चौक, वरून पडणारा प्रकाश, आणि तिथे एका वेळी एकाच माणसाने बसावे. पण १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये अकाली वारल्या, तेव्हा त्या पंचविशीच्याही नव्हत्या. त्यानंतर इंदूरला आलेले ब्रांकुशी सुमारे महिनाभर राहिले आणि काहीच न ठरता परतले. मंदिर कागदावरच राहिले. त्याच १९३७ मध्ये अमेरिकेत ड्युसेनबर्ग कंपनीही बंद झाली.

महाराजांनी राज्यकारभाराकडे पाठ फिरवली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. हरिजनांना संस्थानातील देवळे १९३८ मध्ये खुली झाली, आणि ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. इंदूर शहराला पाणी पुरवणारा यशवंतसागर तलाव त्यांच्याच कारकिर्दीतला. क्रिकेटच्या रसिकांना तर होळकर संघाविषयी वेगळे सांगायला नको. सी. के. नायडू यांना इंदुरात आणले ते तुकोजीरावांनी, पण नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंच्या या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला तो यशवंतरावांच्या छत्राखाली. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा केल्या, आणि तरीही संघ हरला. पुढच्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध एकाच डावात सहा जणांनी शतके ठोकली.

पण मन इंदुरात रमत नव्हते हेही खरे. प्रकृती नाजूक, वाड्यात पत्नीच्या आठवणी, आणि डोक्यावर इंग्रजांची देखरेख. मार्गारेट लॉलर या अमेरिकी स्त्रीशी त्यांनी १९३८ मध्ये विवाह केला. सांता आना येथील घर याच काळातले. ज्याच्या पूर्वजांच्या राज्यातला सर्वांत लांब सरळ रस्ता चांदण्यात चालणाऱ्या बैलगाड्यांचा होता, तो माणूस आता रुंद, गुळगुळीत, दूर क्षितिजापर्यंत जाणाऱ्या रस्त्यांच्या देशात राहत होता. तिथली पोरे त्याच सुमारास जुन्या फोर्ड गाड्यांची टपे कापून कोरड्या तलावांच्या तळावर वेग मोजत होती. तिथूनच त्यांनी १९४२ मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांना उघडे पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात अमेरिकेसह मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी असे सुचवले. एका संस्थानिकाने इंग्रजांच्या डोक्यावरून परक्या राष्ट्रप्रमुखाला असे लिहावे, हे दिल्लीला मुळीच रुचले नाही. त्या पत्रासाठी महाराजांना श्रेय द्यायला हवे. ते सहसा कुणी देत नाही. १९४३ मध्ये मार्गारेट यांच्यापासून घटस्फोट झाला आणि त्यांनी युफेमिया क्रेन यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचे नाव रिचर्ड शिवाजीराव.

ज्याने १९४२ मध्ये स्वातंत्र्याची बाजू मांडली त्याने १९४७ मध्ये विलीनीकरणाला आढेवेढे घ्यावेत, ही त्यांच्या चरित्रातली न उलगडणारी गाठ. समजूत घालायला आलेल्या राजेमंडळींना त्यांनी ताटकळत ठेवले, आणि त्यांची सही हातात पडली ती अगदी शेवटी. मे १९४८ मध्ये मध्यभारत झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांचे जुने वैर अशा रीतीने एका सरकारी शिष्टाचारात विसर्जित झाले. १९५६ मध्ये ते पदही संपले. वारसाचा प्रश्न आला तेव्हा आई परदेशी असल्यामुळे मुलाचा हक्क बाजूला पडला आणि १९३३ मध्ये जन्मलेल्या कन्या उषाराजे यांना वारस म्हणून मान्यता मिळाली.

यशवंतरावांचे निधन ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत झाले. वय अवघे त्रेपन्न. त्यानंतर दोनच आठवड्यांनी गोवा मुक्त झाला. त्या गदारोळात एका माजी संस्थानिकाच्या मृत्यूकडे इथे फारसे कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. सांता आनाचा शर्यतीचा पट्टाही त्याआधीच, १९५९ मध्ये बंद झाला होता, पण तोवर पाव मैलाची शर्यत अमेरिकाभर पसरली होती.

माणिकबागेतील सामानाचा लिलाव १९८० मध्ये मोनॅकोत झाला. त्यातले फर्निचर आता जगभरच्या संग्रहालयांत विखुरले आहे, आणि २०१९ मध्ये पॅरिसमध्ये त्यातला बराच भाग पुन्हा एकत्र मांडला गेला तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ब्रांकुशींचे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत, तिसरा कॅलिफोर्नियात पासाडिनाला. राजवाड्यात सरकारच्या महसूल खात्याची कचेरी भरते. केशरी-काळी ड्युसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत ती गवतावर उभी असते, बॉनेट उघडलेले, आणि लोक वाकून आतले ते लांबलचक इंजिन पाहतात.